ती गोड बोलणारी मॅडम मी नव्हते

चोराचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता.

हे वाचून कुणाला वाटेल, बाई उगाच चेष्टा करतेय. पण पशुवैद्यकाच्या नोकरीत हे ऑफिसात फाइल उघडण्याइतकं रोजचं आहे. वासराचा पाय आत दुमडला असेल तर हात घालून तो पाय शोधायचा, सरळ करायचा आणि गाय कळ देईल तसं वासरू ओढायचं. बाहेरून काही दिसत नाही. सगळं बोटांनी ओळखायचं. अशा वेळी फोन घेऊ नये एवढी अक्कल मला होती. तरी घेतला. त्या फोनापायी पुढं जे झालं ते कळायला आधी आमच्या ग्रुपबद्दल सांगायला हवं.

मी राहते दौंडला. नोकरीची शेवटची काही वर्षं भीमेच्या पलीकडं, न्हावऱ्याच्या बाजूच्या एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात होते. हाताखाली दहा-बारा गावं, आणि मी एकटी. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर शेतकऱ्यांचा ग्रुप काढला. जनावराचा फोटो टाका, लक्षणं लिहा, साधं असेल तर मी तिथंच औषध सांगेन, अवघड असेल तर येईन. विचार चांगला होता. पण ग्रुपवर माणसंही होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मला चारशे गुलाबाची फुलं आली. ‘गाईचा फोटो टाका’ म्हटलं की गॉगल लावलेल्या मालकाचा फोटो यायचा आणि त्याच्या खांद्यामागं गाईचा एक कान. किसन नावाचा दूधवाला होता. त्याची गाय खोकत होती. मी लिहिलं, खोकण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. त्यानं पाठवला. मी तीनदा ऐकला. हा खोकला गाईचा नव्हता. फोन करून विचारलं तर म्हणतो, “गाय आत्ता खोकंना मॅडम. म्हणून मीच करून दावला. डिट्टो असाच हाय.”

माझंही सगळं बरोबर होतं असं नाही. एकदा एका शेतकऱ्याला लिहिलेला मेसेज घाईघाईत माझ्या मुलीच्या सासऱ्यांना गेला. ते निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. त्यांना मजकूर मिळाला : ‘शेपूट बाजूला धरून मागून स्पष्ट फोटो काढा. उजेडात काढा. लाजू नका.’ अर्ध्या तासानं त्यांचं उत्तर आलं : ‘आपण हे कोणत्या संदर्भात म्हणत आहात?’ मुलगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. मग सोपानआप्पांची गाय गेली.

आप्पा न्हावऱ्याचे, सत्तरीचे, माळकरी. त्यांच्या गाईचं पोट फुगलं. पोटफुगीत तासाभरात निकाल लागतो. वेळेत पोचलं तर वायू काढता येतो. आप्पांना वाटलं, मॅडम ग्रुप बघतातच, म्हणून त्यांनी तिथं लिहिलं. त्याच दिवशी गावातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. आप्पांच्या मेसेजवर केक, हार, वाघ, तलवारी आणि ‘लाख लाख शुभेच्छा’ यांचा एवढा ढीग पडला की दोन तासांनी मी फोन हातात घेतला तेव्हा तो मेसेज शोधायला मला दहा मिनिटं लागली. त्याच्या खालीही कुणीतरी केकच टाकला होता.

आप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणंच मला लागलं. त्या दिवसापासून मी ओरडायला लागले. गुड मॉर्निंग टाकलं की, ‘हा दवाखाना आहे, बाग नाही.’ अर्धवट माहिती दिली की, ‘ताप मोजला का? नाही? मग आधी मोजा, मग लिहा.’ फोनवर कुणी लांबण लावली की, ‘मुद्द्याचं बोल’ म्हणून फोन ठेवायची. पुरुषांच्या गोठ्यांत फिरणाऱ्या बाईला आवाज थोडा चढवावाच लागतो, असं मी स्वतःला सांगायची. ग्रुप स्वच्छ झाला. फुलं बंद झाली. मी खूश होते. प्रश्नही निम्मे झाले होते, पण त्याचा अर्थ मी असा लावला की जनावरं सुधारली.

आणखी एक. ग्रुपची अ‍ॅडमिन मी एकटी. दुसऱ्या कुणाच्या हातात अधिकार दिला की पुन्हा केक येतील, अशी मला खात्री होती.

तर तो दिवस. सकाळची वेळ, वडगाव रासाई, दत्तूभाऊंचा गोठा. वासराचा पुढचा एक पाय मागं दुमडलेला. नेमकं त्याच दिवशी आमचं एक ऑनलाइन प्रशिक्षण होतं आणि मी ते चुकवलं होतं. त्यामुळं फोन वाजला आणि दत्तूभाऊ म्हणाले, “कुणीतरी हिंदीत ट्रेनिंग ट्रेनिंग म्हणतंय,” तेव्हा माझ्या मनात आधीच चोर होता.

“लावा कानाला,” मी म्हटलं.

आवाज तरुण होता. “नमस्ते मॅडम. आप ट्रेनिंग में जुड़ी नहीं हैं. कोई बात नहीं. आपके मोबाइल पर छह अंकों का कोड आया होगा, बता दीजिए, मैं यहीं से जोड़ देता हूँ.”

मला वासराचा गुडघा नुकता सापडला होता. “दत्तूभाऊ, मेसेज आलाय का बघा. त्यातला नंबर याला वाचून दाखवा.”

दत्तूभाऊंनी फोन लांब धरून डोळे बारीक केले. “मॅडम, ह्ये इंग्रजीत हाय. ‘डू नॉट शेअर धिस कोड...’ असं कायतरी लिवलंय. ह्ये बी वाचू का?”

“गाय कळ देतीय! नुसता आकडा वाचा!”

दत्तूभाऊंनी मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारावा तसा एकेक आकडा पुकारला. शेजारच्या दोन वस्त्यांना तो ऐकू गेला असणार. पलीकडून तो म्हणाला, “थँक यू मॅडम. आपका दिन शुभ हो.” त्या दिवशी माझ्याशी इतकं सभ्य दुसरं कुणी बोललं नव्हतं.

तो कोड म्हणजे माझ्या व्हॉट्सअ‍ॅपची किल्ली होती. माझ्या नंबरावर आलेला कोड त्यानं त्याच्या फोनमध्ये टाकला आणि माझं खातं त्याच्याकडं गेलं. मी वर्षभर शेतकऱ्यांना बजावत होते, ओटीपी कुणाला सांगू नका. मी तो सांगितला नाही, खरं आहे. मी तो ओरडून सांगायला लावला.

वासरू निघालं. कालवड होती, जिवंत, धडधाकट. मी हात धुतले, चहा घेतला, दत्तूभाऊंच्या मंडळींशी बारशाच्या गप्पा मारल्या. फोनकडं बघितलंच नाही.

तिकडं ग्रुपवर माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट मेसेज पडला होता. तो नंतर मी आप्पांच्या फोनवर वाचला : ‘नमस्कार आदरणीय शेतकरी बंधू आणि भगिनी. तुम्ही सर्व कसे आहात? मला तुमची आठवण येते. तुमचा दिवस आनंदी असो.’ खाली दोन हात जोडलेले आणि एक गुलाब.

चार मिनिटं ग्रुपवर कुणी हललं नाही.

मग किसननं भीतभीत लिहिलं, ‘मॅडम तब्येत बरी हाय ना?’

उत्तर आलं : ‘मी ठीक आहे प्रिय. तू कसा आहेस?’

किसननं त्या उत्तराचा फोटो काढून ठेवला. तो त्याच्या बायकोनं पाहिला, आणि ते प्रकरण निस्तरायला मला पुढं त्याच्या घरी दोनदा जावं लागलं.

चोराचा बेत साधा होता. गोड बोलायचं, ओळख काढायची, मग एकेकाला खाजगीत लिहायचं : ‘मला एक छोटी मदत हवी होती, सांगायला संकोच वाटतो.’ पण त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. मॅडम गोड बोलताहेत हे कळताच, कित्येक महिने माझ्या भीतीनं पोटात ठेवलेले प्रश्न लोकांनी एकदम बाहेर काढले. ज्याला ज्याला त्यानं ‘मदत हवी’ असं लिहिलं, त्यानं त्यानं लिहिलं, ‘सांगा की मॅडम, पण आधी एवढं बघा,’ आणि शेणाचा फोटो टाकला. पातळ शेण, काळं शेण, आव पडलेलं शेण. कासेचे फोटो, खुरांचे फोटो. म्हशीच्या नाकात काय अडकलंय ते दाखवायला एकानं त्याला सरळ व्हिडिओ कॉल लावला.

बिचारा चोर! प्रत्येकाला ‘काळजी करू नका प्रिय, सर्व ठीक होईल’ एवढंच लिहीत राहिला.

मला कळलं ते आप्पांच्या फोनमुळं.

“मॅडम, सोपान बोलतोय. कुठं हाय तुम्ही?”

“वडगाव रासाईला. का?”

“डोकं-बिकं दुखतंय का?”

“आप्पा, मुद्द्याचं बोला.”

आप्पांनी मोठा श्वास सोडला. “हां. म्हंजी ह्या खऱ्या. मॅडम, तुमच्या नावानं दुसरंच कुणीतरी बोलतंय ग्रुपवर.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मला आदरणीय म्हणालं. तवाच शंका आली. मग म्या परीक्षा घेतली. लिवलं, ‘म्हैस गाभण राहावी म्हणून तिला शिंगाला लिंबू बांधून तीन कोस पळवू का?’ म्हटलं, मॅडम असत्याल तर आता माझी सालटी काढत्याल. तर उत्तर आलं, ‘खूप छान विचार आहे.’ म्हटलं, ही बाई मॅडम न्हाई.”

मी फोन बघितला. व्हॉट्सअ‍ॅप बंद, पुन्हा नंबर टाका म्हणत होतं. ‘डू नॉट शेअर’ हे दत्तूभाऊंचे शब्द आता मला नीट ऐकू आले.

“आन् दुसरं,” आप्पा म्हणाले, “त्या निमोण्याच्या शोभाला तुम्ही, म्हंजी त्यानं, इंजेक्शन द्या म्हणून सांगितलंय. तिची म्हैस गाभण हाय.”

शोभाला मी ओळखत होते. नवरा कंपनीत शिफ्टला, सासू गुडघ्यानं बसलेली, दोन म्हशींचं सगळं ती एकटी बघायची. पाहून पाहून सुई टोचायलाही शिकली होती. तिनं विचारलं होतं : म्हैस लंगडतेय, पाय सुजलाय, मागं बैलाला दिलेलं सुजेचं इंजेक्शन उरलंय, ते देऊ का? ते औषध मीच लिहून दिलं होतं. सूज उतरवतं, पण गाभण जनावराला दिलं तर ते गाभडतं, पोटातलं वासरू पडतं. कधी कधी म्हैसही जाते. आणि माझ्या नावानं तिला उत्तर होतं : ‘हो ताई, नक्की द्या. काळजी करू नका.’

मी शोभाला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. आप्पा म्हणाले, “मी निघतो, मला जवळ हाय,” आणि मी स्कूटीला किक मारली. न्हावऱ्याच्या पुढं आप्पा मला रस्त्यातच भेटले. मोपेडवर, टोपी दातांत धरून, वीसच्या वेगानं चालले होते. पुढं एक उसाची ट्रॉली, तिला ओलांडायचा त्यांचा प्रयत्न बहुधा न्हावऱ्यापासून चालू असावा. मला बघून त्यांनी टोपी सोडली आणि ओरडले, “व्हा पुढं! माझी वाट बघू नका!”

शोभाच्या दारात मी स्कूटी अक्षरशः टाकली. गोठ्यात म्हैस बांधलेली, आणि शोभा उजेडाकडं सिरिंज धरून त्यातली हवा काढत होती.

“शोभे! सुई खाली ठेव!”

ती दचकली. म्हैस दचकली. आत सासू दचकल्याचाही आवाज आला. शोभानं सिरिंज खाली ठेवली आणि रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, नक्की द्या ताई म्हणून?”

“मी तुला कधी ताई म्हटलंय का?”

तिनं खरंच आठवून बघितलं. मग म्हणाली, “न्हाई. म्हणून तर बरं वाटलं.”

 मी खाली बसून म्हशीचा पाय हातात घेतला. खुराच्या बेचक्यात गंजका खिळा होता, अर्धा आत गेलेला. उपसला, पू काढला, धुतलं, पट्टी बांधली. सुजेच्या इंजेक्शनाची गरजच नव्हती. पायाकडं जवळून बघणारं कुणीतरी हवं होतं, बस्स.

“मला आधी फोन का नाही केलास?”

“केलता की चार दिवसांपूर्वी. तुम्ही म्हणाला, मुद्द्याचं बोल. मी आठवायला लागले मुद्दा कुठला, तवर फोन ठेवला तुम्ही.” ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

तेवढ्यात आप्पा आले, ट्रॉलीच्या मागूनच. तिथंच ओट्यावर बसून त्यांच्या फोनवर मी ग्रुप वाचला. मी नसताना माझ्या नावानं चाललेला तो दवाखाना. तिथं लोक काय काय विचारत होते! एकानं लिहिलं होतं, ‘मॅडम दोन महिने विचारीन म्हणतोय.’ एका म्हातारीनं नातीकडून लिहून घेतलं होतं, ‘शेळीला मया लावली तर दूध वाढतं का.’ यातलं काही मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

माझं खातं परत घ्यायला मी कोड मागवला. तर त्या शहाण्यानं आधीच इतक्या वेळा कोड मागितले होते की आता अनेक तास थांबा, असं उत्तर आलं. त्याला ग्रुपमधून काढावं, तर काढणार कोण? अ‍ॅडमिन मी एकटी, म्हणजे आता तो एकटा. सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, शिरूरला पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “संशयित कसा बोलत होता? धमकी, शिवीगाळ?”

“नाही. फार नम्र आहे.”

त्यानं पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं. मग कागदावर ‘नम्र’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

इकडं आप्पांनी वेगळीच फळी उभी केली. ज्यांच्याकडं फोन नंबर होते त्या सगळ्यांना त्यांनी एकेक करून कळवलं : तो चोर आहे, त्यानं पाठवलेली लिंक उघडू नका, एक रुपया पाठवू नका. आणि वर स्वतःची एक सूचना जोडली, ‘पण त्याला मोकळा बी सोडू नका.’ दुपारपासून साऱ्या पंचक्रोशीनं त्याला प्रश्न विचारले. किसननं खोकल्याची सात रेकॉर्डिंग पाठवली, सातही स्वतःची. दुसऱ्या कुणाला फसवायला त्याला उसंतच मिळाली नाही. संध्याकाळी त्यानं लिहिलं, ‘भाई बस करो.’

आणि मग आप्पांना त्याचा वेगळा मेसेज आला. आप्पा मला फोन करून वाचून दाखवायला लागले. “मॅडम, म्हणतोय, ‘चाचा, सच में कोई डॉक्टर है क्या आपके पास? हमारे घर भी भैंस है, आठ दिन से चारा नहीं खा रही.’ काय सांगू?”

 ज्यानं शोभाची म्हैस जवळपास मारली होती, त्याची म्हैस. पण म्हशीनं काय केलं होतं?

“ताप आहे का विचारा. रवंथ करते का विचारा. आणि सांगा, आठ दिवस थांबतात का, उद्या सकाळी तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखव.”

आप्पांनी त्यांच्या हिंदीत ते लिहिलं. खाली स्वतःचं जोडलं, ‘आन् म्याडम का अकाउंट वापस दे, बाबा.’ निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. हे मी पोलिसांना सांगितलं. ती म्हैस जगली का, मला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोड मिळाला आणि चोर बाहेर फेकला गेला. पण त्याआधीच त्यानं खात्याला स्वतःचा पिन लावून ठेवला होता, त्यामुळं मला खातं हातात यायला आणखी सात दिवस थांबावं लागलं. त्या सात दिवसांत सगळ्यांना फोनवर बोलावं लागलं. तोंडानं. मी बरंच ऐकलं.

खातं आल्यावर पहिलं काम, मी स्वतःचा पिन लावला. दुसरं, शोभाला आणि आप्पांना अ‍ॅडमिन केलं. मग ग्रुपवर लिहिलं : कोड कुणालाही सांगायचा नाही, हात कुठंही असला तरी. माझ्या नावानं पैसे, लिंक किंवा विचित्र सल्ला आला तर आधी फोन करून माझा आवाज ऐकायचा. तातडीचं असेल तर ग्रुपवर नाही, फोनच. आणि फोन केलात तर मी ऐकेन. हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. त्यावर किसननं गुलाब टाकला. मी काही बोलले नाही. शोभानं तो काढून टाकला.

दोन महिन्यांनी ऐन दुपारी शोभाचा फोन आला. म्हैस व्यायला झाली होती, पण ती थेट तिथून सुरू झाली नाही. आधी सासूचा गुडघा, मग नवऱ्याची शिफ्ट बदलली ते, मग पेंडीचं पोतं ओलं निघालं ते. मी स्टूल ओढून बसले. जिभेवर आलेलं वाक्य गिळलं. म्हैस दोन तासांपासून कळा देतेय, पाण्याची पिशवी दिसतेय, पुढचे दोन्ही पाय दिसताहेत, असं करत ती मुद्द्यावर आली तेव्हा मला हवं ते सगळं, अगदी सगळं, तिनं न विचारता सांगून झालं होतं.

मी अजून ऐकतच होते. पलीकडं एकदम शांतता झाली. मग तिचा दबका, घाबरा आवाज आला.

“मॅडम? तुम्हीच हाय ना? का दुसरंच कोण बोलतंय?”

“मीच आहे,” मी म्हटलं. “निघाले. तू बोलत राहा.”